प्रोएफटीपीडीची कॉन्फिग फाईल बदलली, पण सर्व्हर जुन्याच चालीने चालतोय. लोकांचे अपलोड न तोडता बदल लागू कसा करायचा?

प्रश्न | मालवण छापखाना

नमस्कार मंडळी.

मालवणात आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला, आता एक ऑफसेट आणि एक डिजिटल अशी दोन मशीनं मी आणि नवरा मिळून सांभाळतो. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन लिनक्स आणि प्रोएफटीपीडी, म्हणजे इंटरनेटवरून फाईली घेणारा एफटीपी सर्व्हर. भाच्याने पाच वर्षांपूर्वी बसवून दिलं, टीएलएसही (बोलणं गुप्त करून पाठवायची सोय) त्यानेच चालू केलं. तो आता बोटीवर नोकरीला असतो, महिनोन्महिने फोन लागत नाही. कुडाळ, वेंगुर्ले, देवगड, सावंतवाडी इथले डिझायनर या सर्व्हरवर फाईली टाकतात. आमच्यासाठी तो फार मोलाचा आहे, कारण पुस्तकाची पीडीएफ ईमेलात मावत नाही आणि व्हॉट्सअॅपवर लोक फोटो पाठवतात ते दाबून बारीक होऊन येतात. छापल्यावर ते दिसतं.

जुलैत इंटरनेटचं कनेक्शन बदललं, राऊटर नवा आला. तेव्हापासून फाईलझिला हे फाईली पाठवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सगळ्यांची एकच तक्रार. लॉगिन होतं, पासवर्ड घेतो, मग फोल्डरची यादी मागताना अडकतो आणि वीस सेकंदांनी टाईमआउट. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे सावंतवाडीचे एक वयस्क डिझायनर कुठलंसं फार जुनं सॉफ्टवेअर वापरतात, त्यांचं मात्र सगळं बिनबोभाट चालतं.

शोधाशोध करून मला एवढं कळलं की हा पॅसिव्ह पोर्टचा मामला आहे, म्हणजे लॉगिननंतर यादी आणि फाईली ज्या वेगळ्या पोर्टांवरून जातात त्यांचा. राऊटरमध्ये ५०००० ते ५०१०० हे पोर्ट सर्व्हरकडे वळवले. मग ईटीसीतल्या प्रोएफटीपीडीच्या फोल्डरमधली मुख्य कॉन्फिग फाईल उघडली, पॅसिव्ह पोर्टच्या ओळीपुढचा हॅश (ओळ बंद ठेवणारी खूण) काढला, आकडे टाकले. मास्करेड अॅड्रेसची ओळही उघडली. सेव्ह केलं. फाईलझिलात पुन्हा यादी मागितली. काही फरक नाही.

मग रात्री साडेदहाला सर्व्हिस रिस्टार्ट केली आणि तिथे माझ्या हातून फार वाईट झालं. सावंतवाडीहून एका भजनी मंडळाच्या आरतीसंग्रहाची ३८० एमबीची फाईल त्याच वेळी येत होती. ती मध्येच तुटली. वरून सर्व्हर उठेचना. दहा मिनिटं मी घामाघूम. शेवटी भाच्याने ठेवलेली जुनी कॉन्फिग फाईल परत जागेवर ठेवली तेव्हा उठला. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "वैनी, फाईल अर्धीच इली." त्या काकांना पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागली, त्यांच्याकडे अपलोडचा वेग कमी, पाऊण तास गेला. त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

चतुर्थी तोंडावर आहे. पावती पुस्तकं, आरतीसंग्रह, दशावताराच्या जाहिराती, सगळं याच पंधरा दिवसांत येतं. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. फाईल बदलल्यावर रिस्टार्ट करावाच लागतो का? बदल खरोखर लागू झाला हे ओळखायचं कसं? आणि माझा सर्व्हर उठला का नाही?

उत्तर | मिरकरवाडा नेट, रत्नागिरी

ताई, उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारतो. कॉन्फिगमध्ये सर्व्हर टाईप या ओळीत काय लिहिलंय, स्टँडअलोन (स्वतंत्र चालणारा) की आयनेटडी (दुसऱ्या प्रोग्रामने गरजेपुरता उठवलेला)? पीएस कमांड देऊन प्रोएफटीपीडीच्या किती प्रोसेस दिसतात आणि प्रत्येकीच्या पुढे काय लिहून येतं? बदल केल्यावर फाईलझिलात तपासलंत ते आधीच्याच टॅबमध्ये की नवं कनेक्शन करून? आणि जी फाईल बदलल्यावर सर्व्हर उठला नाही ती अजून आहे का? असेल तर पॅसिव्ह पोर्टची ओळ अक्षर न अक्षर इथे टाका.

बाहेरून लॉगिन होतंय म्हणजे २१ नंबरचा पोर्ट तुमच्यापर्यंत नीट पोचतोय. हल्ली बऱ्याच जोडण्यांत अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो, तिथे पोर्ट वळवणं चालतच नाही. तुमचं तसं नाही, ही चांगली बाब.

मालवण छापखाना

लगेच विचारलंत, आभार. सर्व्हर टाईप स्टँडअलोन आहे. पीएसमध्ये आत्ता चार ओळी दिसतात. एकीपुढे 'अॅक्सेप्टिंग कनेक्शन्स' आणि बाकी तिघींपुढे युजरचं नाव आणि पत्ता. एक कबुली द्यायची राहिली. गेल्या आठवड्यात कुठेतरी वाचलं की प्रोसेसला सिग्नल पाठवला की ती फाईल पुन्हा वाचते, म्हणून मी यादीतली शेवटची प्रोसेस धरून तिच्या नंबरावर नुसतं किल दिलं होतं. तेव्हा देवगडच्या मुलीचं कनेक्शन गेलं.

फाईलझिलाचा टॅब जुनाच होता. मी फक्त रिफ्रेश दाबलं.

उठला नाही ती फाईल आहे. ओळ अशी: पॅसिव्ह पोर्ट, मग ५००००, जागा, ५०१००.

मिरकरवाडा नेट

पॅसिव्ह पोर्ट? शेवटी 'स' नाही? डायरेक्टिव्हचं, म्हणजे त्या सेटिंगचं, नाव अनेकवचनी आहे, पॅसिव्ह पोर्ट्स. हॅश काढताना शेवटचं अक्षर पुसलं गेलं असणार. सर्व्हर न उठण्याचं कारण तेच. अनोळखी नाव दिसलं की प्रोएफटीपीडी पुढे जात नाही, तिथेच थांबतो. बाकीचं गुहागरचे काका नीट सांगतील, त्यांचं आयुष्य यात गेलंय.

उत्तर | गुहागर परतलेला

ताई, तुम्ही कबुली दिलीत ते बरं केलंत, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

मी मुंबईत पंचवीस वर्षं एआयएक्स, एचपी-यूएक्स आणि सोलारिस या युनिक्सच्या मशीनी सांभाळल्या, आता बागेत असतो. युनिक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डिस्कवरची फाईल वेगळी आणि चालू प्रोसेसच्या पोटात असलेली सेटिंग वेगळी. प्रोसेस जन्मताना फाईल एकदा वाचते आणि मिटून ठेवते. नंतर तुम्ही तिच्यात काहीही लिहा, तिला पत्ता नसतो. तुम्ही सेव्ह केलं तेव्हा बदलली ती फक्त फाईल.

तुम्हाला ज्या चार ओळी दिसल्या त्यातली 'अॅक्सेप्टिंग कनेक्शन्स' लिहिलेली ती आई. ती दारात बसते. कुणी आलं की ती स्वतःसारखी एक प्रोसेस काढते आणि त्या माणसाची सगळी सरबराई ती नवी प्रोसेस करते. युजरचं नाव दिसतं त्या या मुली. मुलगी जन्मते तेव्हा आईच्या पोटात जी सेटिंग असेल ती घेऊन जन्मते आणि मरेपर्यंत तीच वापरते. तुम्ही नुसतं किल दिलंत ते एका मुलीला, आणि नुसत्या किलचा अर्थ 'संपव' असा होतो. देवगडच्या मुलीचं काम त्यामुळे तुटलं.

सिग्नल पाठवायचा तो आईला, आणि तो हप नावाचा, एक नंबरचा. हे नाव हँगअप वरून आलं. पूर्वी टर्मिनल मॉडेमवरून टेलिफोनच्या लाईनीने जोडलेलं असे, लाईन तुटली की त्या टर्मिनलवरच्या प्रोसेसला हा सिग्नल जायचा. पार्श्वभूमीत चालणाऱ्या सर्व्हरला टर्मिनलच नसतं, म्हणजे हा सिग्नल त्याला कधी आपोआप यायचाच नाही. तो मोकळा होता, म्हणून 'फाईल पुन्हा वाच' या अर्थाने वापरायची रीत पडली. ती अजून टिकली आहे.

आता तुमचं काम. मी रात्री उशिरा कधीच बदल करत नसे, तुम्हीही करू नका. दुपारी जेवणाच्या वेळी करा, म्हणजे काही बिघडलं तर विचारायला माणसं जागी असतात.

प्रथम चालू असलेल्या फाईलची प्रत काढा आणि नावात तारीख घाला. मग बदल करा, एका वेळी एकच. तुम्ही पॅसिव्ह पोर्ट्स आणि मास्करेड अॅड्रेस दोन्ही एकदम उघडलंत. मास्करेडची ओळ सध्या हॅश लावून बंदच ठेवा. त्या ओळीमुळे सर्व्हर सगळ्यांना बाहेरचा पत्ता सांगायला लागतो, अगदी तुमच्याच घरातल्या वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरलाही, आणि तो बाहेरून वळसा घालून परत आत यायला बघतो. पुष्कळ राऊटरांना ते जमत नाही. म्हणजे बाहेरच्यांचं दुखणं काढायला जाल आणि घरातलं बंद पडेल. फाईलझिला शहाणा आहे. सर्व्हरने १९२.१६८ असा आतला पत्ता सांगितला तर तो स्वतःच ओळखतो आणि ज्या पत्त्यावर आधी जोडलं गेलं तोच वापरतो. तेव्हा तुम्हाला आधी फक्त पोर्टांची ओळ हवी.

बदल झाला की रिलोड करण्याआधी तपासणी. ही पायरी कधीही गाळू नका. सुडो प्रोएफटीपीडी हायफन टी. यात सर्व्हर सुरू होत नाही की बंद होत नाही, फक्त फाईल वाचून चुका सांगतो. तुमच्या त्या फाईलवर हे चालवलं असतंत तर 'अननोन कॉन्फिगरेशन डायरेक्टिव्ह' असं म्हणून त्याने ओळीच्या नंबरासकट चूक दाखवली असती, आणि तुमचा चालू सर्व्हर सुखरूप राहिला असता. दुसऱ्या जागी ठेवलेली फाईल तपासायची तर हायफन सी लावून तिचा पूर्ण पाथ द्या, अर्धवट पाथ चालत नाही. शेवटी 'सिंटॅक्स चेक कम्प्लीट' आलं की पुढे.

ही पायरी इतकी आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. हप मिळाल्यावर आई फाईल पुन्हा वाचते आणि त्यात चूक असेल तर ती जुन्या सेटिंगवर परत जात नाही. ती बंद पडते. लोकांना वाटतं रिलोड म्हणजे बिनधोक. तपासून केला तरच बिनधोक.

मग सुडो सिस्टिमसीटीएल रिलोड प्रोएफटीपीडी. रीस्टार्ट नव्हे, रिलोड. रिलोडमध्ये आईला हप जातो, मुलींना कुणी हात लावत नाही, त्यांचं चालू अपलोड चालूच राहतं. रीस्टार्टमध्ये सिस्टिमडी, म्हणजे सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम, साधारणपणे त्या सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेस एकदम संपवतो, आईसकट मुली. आरतीसंग्रह गेला तो असा. सिस्टिमडी नसलेल्या मशीनवर रन फोल्डरमधल्या पीआयडी फाईलमध्ये आईचा नंबर असतो, त्या नंबराला किल हायफन हप. पीएसच्या यादीतून अंदाजाने नंबर उचलू नका, तुम्हाला अनुभव आलाच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लागू झालं हे कसं कळायचं. दोन ठिकाणी बघा. एक, व्हार लॉगमधल्या प्रोएफटीपीडीच्या लॉगात 'रिसीव्ह्ड सिगहप' आणि पुढे 'रिपार्सिंग कॉन्फिगरेशन फाईल' अशी ओळ त्या मिनिटाची हवी. दोन, आणि हे जास्त भरवशाचं, प्रत्यक्ष नवं कनेक्शन करून बघा. तुम्ही जुन्या टॅबमध्ये रिफ्रेश केलंत, म्हणजे तुमच्याशी बोलत होती ती जुनी मुलगी. आईने नवी फाईल वाचली असती तरी त्या टॅबमध्ये तुम्हाला जुनंच दिसलं असतं. डिस्कनेक्ट करा, पुन्हा जोडा. शक्यतो मोबाईलचा हॉटस्पॉट लावून, म्हणजे तुम्ही खरोखर बाहेरून येता.

जोडल्यावर फाईलझिलाच्या वरच्या खिडकीत २२७ ने सुरू होणारी ओळ शोधा. कंसात स्वल्पविराम देऊन सहा आकडे असतात. पहिले चार म्हणजे पत्ता. शेवटचे दोन म्हणजे पोर्ट: पाचवा गुणिले २५६, अधिक सहावा. तुमच्या ५०००० साठी ते १९५ आणि ८० असे येतील, कारण १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९९२०, त्यात ८० मिळवले की ५००००. ५०१०० साठी १९५ आणि १८०. म्हणजे पाचवा आकडा नेहमी १९५ हवा आणि सहावा ८० ते १८० च्या आत. तसा असेल तर बदल लागू झाला, शंकाच नको. पाचवा आकडा दुसराच काही असेल तर सर्व्हर अजून जुन्या सेटिंगवर आहे. दोन-तीनदा नव्याने जोडून बघा, एखादा आकडा योगायोगानेही जुळतो.

आणखी एक. त्या काकांना फाईल पहिल्यापासून पाठवावी लागली याचं मलाही वाईट वाटलं. प्रोएफटीपीडीत तुटलेला अपलोड पुढे चालू करायची मुभा मुळात बंद असते. 'अलाउ स्टोअर रीस्टार्ट' ही ओळ 'ऑन' करून घाला, 'अलाउ ओव्हरराईट' ऑन आहे ना तेही बघा, म्हणजे अर्धी आलेली फाईल तिथूनच पुढे पाठवता येते. मात्र 'हिडन स्टोअर्स' (येणारी फाईल पूर्ण होईपर्यंत तात्पुरत्या नावाने ठेवायची सोय) वापरत असाल तर या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा ही ओळ तुमच्या छापखान्याला पोर्टांइतकीच गरजेची आहे. पण ती दुसऱ्या फेरीत, पोर्टांचं काम नीट झालंय हे बघून.

आयनेटडीचं विचारलं गेलं म्हणून थोडक्यात. त्या पद्धतीत आई नसतेच, प्रत्येक कनेक्शनला नवा सर्व्हर उठतो आणि फाईल ताजी वाचतो. त्यामुळे पुढच्या कनेक्शनपासून बदल आपोआप लागू. फक्त आयनेटडीची स्वतःची फाईल बदलली तर आयनेटडीला कळवावं लागतं. एआयएक्सवर आम्ही रिफ्रेश हायफन एस आयनेटडी देत असू, एचपी-यूएक्सवर आयनेटडी हायफन सी, फ्रीबीएसडीवर सर्व्हिस आयनेटडी रिलोड. तीन घरांच्या तीन रीती, काम एकच.

जाता जाता, तुमच्या पिढीला हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ च्या एप्रिलमध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले ते, तेव्हा एमआयटीत होते. मला ते कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता.

उत्तर | वेंगुर्ले काजू

काकांनी सगळं सांगितलंच. माझ्याकडे व्हीएसएफटीपीडी हा दुसरा एफटीपी सर्व्हर आहे, तर ते वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. त्याच्या फाईलमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या आगेमागे जागा सोडली की ती चूक धरली जाते. दिसायला छान वाटतं म्हणून मी एकदा सगळ्या ओळी सैल करून लिहिल्या आणि सर्व्हर बसला. स्वतंत्र चालवत असाल तर हप दिल्यावर तो फाईल पुन्हा वाचतो, पण तो ज्या पोर्टवर ऐकतो तो बदललात तर रीस्टार्टला पर्याय नाही, कारण ते दार सुरुवातीलाच एकदा उघडलेलं असतं. आणि प्रोएफटीपीडीसारखी वेगळी तपासणीची सोय त्यात नाही, म्हणून मी नवी फाईल आधी घरच्या दुसऱ्या मशीनवर चालवून बघते.

उत्तर | दापोली बाग

ताईंना माझा आग्रह आहे की चतुर्थी उरकल्यावर एसएफटीपीकडे वळा, म्हणजे एसएसएच या दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायच्या वाटेनेच फाईली पाठवायच्या. एकच पोर्ट, २२ नंबरचा. पॅसिव्हची भानगड नाही, पोर्टांची रांग उघडी ठेवायला नको. फाईलझिला ते बोलतोच, डिझायनरांना फक्त एक खूण बदलावी लागेल.

पण तिथे बदल लागू करताना काळजी दुप्पट, कारण ज्या दाराने तुम्ही आत येता तेच दार तुम्ही बदलत असता. मी भाड्याच्या सर्व्हरवर एसएसएचचा पोर्ट बदलला, रीस्टार्ट केला, समाधानाने खिडकी बंद केली. फायरवॉलमध्ये नवा पोर्ट उघडलाच नव्हता. बाहेर धो धो पाऊस, घरात लाईट नाही, मोबाईलवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या कन्सोलची वाट शोधत रात्र काढली. त्या सर्व्हरवर आमच्या आंब्याच्या मोसमातल्या सगळ्या ऑर्डरींच्या नोंदी होत्या. तेव्हापासून एक खिडकी जोडलेली ठेवतो, दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन बघतो, आणि दुसरी आत आल्यावरच पहिली सोडतो. रिलोडने चालू जोडण्या तुटत नाहीत, म्हणूनच हे शक्य होतं.

तपासणीची कमांड तिथेही आहे, एसएसएचडी हायफन टी. मोठ्या टी ने सगळी प्रत्यक्ष लागू होणारी सेटिंग छापून दाखवतो, ती वाचाच, कारण एकच गोष्ट दोनदा लिहिली असेल तर पहिली धरली जाते, शेवटची नव्हे. आणि 'मॅच' लिहून केलेला भाग पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाईल संपेपर्यंत चालतो. लोक नवी ओळ फाईलच्या तळाशी चिकटवतात आणि ती नकळत त्या मॅचच्या पोटात जाते. गिऱ्हाइकाला त्याच्याच फोल्डरात कोंडायचं तर ते वरचं फोल्डर रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) मालकीचं हवं आणि दुसऱ्या कुणालाही त्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर लॉगिन होताक्षणी बाहेर फेकतो. आत एक वेगळं फोल्डर करून त्याची मालकी गिऱ्हाइकाला द्या.

मिरकरवाडा नेट

सावंतवाडीच्या काकांचं का चालत होतं ते राहिलं. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर टीएलएस वापरत नसणार, सगळं उघडं बोलतं. नव्या राऊटरमध्ये एफटीपीला मदत करणारी एक सोय असते. ती २२७ ची ओळ वाटेत वाचते आणि तेवढा पोर्ट तेवढ्यापुरता उघडून देते. फाईलझिला टीएलएस मिळतंय म्हटल्यावर ते वापरतो, बोलणं बंद पाकिटात जातं, राऊटरला ती ओळ वाचताच येत नाही, पोर्ट उघडत नाही. ताई, जुन्या राऊटरवर भाच्याने बहुतेक सगळेच पोर्ट या मशीनकडे वळवले असतील, म्हणून तेव्हा अडचण आली नाही. तसं परत करू नका. १०१ पोर्ट तुम्हाला पुरून उरतील.

आणि त्या काकांना सवडीने सांगा की त्यांचा पासवर्ड वाटेत कुणालाही वाचता येतो. त्यांना फाईलझिला बसवून द्यायला कुणी लागलं तर मी येतो, सावंतवाडीला माझी बहीण दिली आहे.

मालवण छापखाना

आज दुपारी केलं. तसंच लिहिते, म्हणजे माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

प्रत काढली, नावात तारीख घातली. पॅसिव्ह पोर्ट्स, शेवटच्या अक्षरासकट. मास्करेड बंद ठेवलं. आधी मुद्दाम जुन्या चुकीच्या फाईलवर हायफन सी आणि हायफन टी चालवून बघितलं, तर काकांनी म्हटलं तसं ओळीच्या नंबरासकट चूक दाखवली. त्या रात्रीची दहा मिनिटं आठवली. मग नव्या फाईलवर चालवलं, 'सिंटॅक्स चेक कम्प्लीट'.

रिलोड केला तेव्हा कुडाळहून एक पावती पुस्तकाची फाईल येत होती. मी पीएस आधी आणि नंतर दोन्ही वेळा बघितलं. आईचा नंबर तोच, कुडाळच्या मुलीचा नंबरही तोच, आणि फाईल पूर्ण आली. मशीनवरच्या मुलाला मी आकार जुळवून बघायला लावला. लॉगात सिगहपची ओळ आहे, वेळ १:४२.

हॉटस्पॉट लावून जोडलं. पहिल्यांदा १९५, १२१. दुसऱ्यांदा १९५, ९४. तिसऱ्यांदा १९५, १६०. यादी लगेच आली. पहिले चार आकडे १९२, १६८ असे आतल्या पत्त्याचेच आहेत आणि फाईलझिलाने खाली तसं लिहून स्वतःच दुरुस्त करून घेतलं. वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटरही चालतोय.

दोन तासांनी दुसरी फेरी, अलाउ स्टोअर रीस्टार्ट. तपासलं, रिलोड केलं, मग मीच हॉटस्पॉटवरून एक मोठी फाईल पाठवायला घेतली आणि मध्येच मोबाईल बंद केला. परत जोडल्यावर फाईलझिलाने विचारलं, पुढे चालू करू का. हो म्हटलं. जिथे तुटली तिथून पुढे गेली.

दापोलीच्या दादांचं एसएफटीपीचं पटलंय, चतुर्थीनंतर करेन. मिरकरवाड्याच्या दादा, सावंतवाडीच्या काकांना मी फोन केला होता. मुलगा आला की बसवून घेईन म्हणाले, पण तुम्ही बहिणीकडे येणार असाल तर त्यांच्याकडे जाल का? पत्ता खाजगीत पाठवते. मघाशी त्यांनी आरतीसंग्रहाचं मुखपृष्ठ बदलून पुन्हा पाठवायला घेतलं आहे. आत्ता यादीत त्यांची प्रोसेस दिसतेय, आणि मी सर्व्हरला हात लावलेला नाही.